कोरडा ऋतू ओला गेला आणि माकडं जेवणाच्या टेबलावर आली: बारो कोलोराडो बेटाचं प्रकरण

१९७० च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात पनामातल्या एका बेटावरच्या संशोधन केंद्रात विचित्र प्रकार सुरू झाला. तिथली स्पायडर माकडं एरवीही केंद्राच्या अंगणात रोज एखादी चक्कर मारायचीच, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, पण आता ती थेट इमारतीत शिरायला लागली, दारं कशी उघडायची ते शिकली आणि जेवायला बसलेल्या शास्त्रज्ञांना बाजूला सारून टेबलावरचा पाव आणि केळी घेऊन पसार व्हायला लागली. टेबलावर मांस होतं, बटाटे होते, डब्यातलं फ्रूट कॉकटेल होतं, त्याला हातही नाही लावला. पाव आणि केळीच हवीत.

बाहेर जंगलात याहून वाईट चाललं होतं. पायवाटांवर मेलेले प्राणी सापडत होते, वास टाळता येत नव्हता आणि गिधाडांनासुद्धा सगळं उरकत नव्हतं. मेलेल्यांमध्ये कोआटी (रॅकूनच्या कुळातला लांब नाकाचा प्राणी), अगूती (मोठ्या उंदरासारखा दिसणारा बिया खाणारा), पेकरी म्हणजे तिकडची रानडुकरं आणि बरीच हाऊलर (आरोळ्या ठोकणारी मोठी माकडं). रॉबिन फॉस्टर नावाचे वनस्पतीशास्त्रज्ञ त्या काळात तिथे झाडांखाली पडणारी फळं-बिया मोजत होते, त्यामुळे हा दुष्काळ नुसता आठवणीत न राहता आकड्यांसकट नोंदला गेला. असं नशीब फार कमी वेळा येतं हो, उपासमार व्हायच्या वेळी कुणीतरी आधीपासून फळं मोजत बसलेलं असणं.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं कारण आपल्याकडे "जंगलात खायला राहिलं नाही म्हणून माकडं आली" हे वाक्य आपण इतक्या सहज टाकतो की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. काय राहिलं नाही? कुठल्या महिन्यात? आणि कुठल्या माकडासाठी? बारो कोलोराडोवर या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी निघतात, आणि तीही एकाच बेटावर.

जागा

बारो कोलोराडो हे मुळात बेट नव्हतंच, टेकडी होती. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधलं, गातून तलाव भरत गेला आणि १९१४ मध्ये कालवा सुरू होईपर्यंत आजूबाजूचा सखल भाग पाण्याखाली जाऊन टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. क्षेत्रफळ जेमतेम १५ चौरस किलोमीटरच्या वर. १९२३ मध्ये ते राखीव झालं, पुढे १९४६ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे आलं आणि तेव्हापासून जगातलं सगळ्यात जास्त उकरून पाहिलेलं जंगल कुठलं असं विचारलं तर हे नाव वरच्या दोन-तीनात येईल. रानातल्या माकडांचा पहिला शिस्तशीर अभ्यासही इथलाच, क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी १९३१ ते ३३ दरम्यान हाऊलरच्या टोळ्यांमागे फिरून केलेला.

पाऊस वर्षाला साधारण २६०० मिलिमीटर. कोकणवाल्याला हा आकडा फार वाटणार नाही, पण आपला पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो, तिथला मे ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतो आणि मग डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा ऋतू. हा कोरडा ऋतू लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्याच्यावर फिरतं.

माकडांच्या पाच जाती तिथे आहेत. हाऊलर, पांढऱ्या तोंडाचे कापुचिन, स्पायडर, छोटे टॅमरिन आणि रात्री हिंडणारं नाईट मंकी. शेवटच्या दोघांना इथे सोडून देतोय, पहिले तिघं पुरेसे आहेत. आणि हो, स्पायडर माकडं त्या बेटावरची मूळची राहिलेली नाहीत. शिकारीमुळे ती तिथून संपली होती, मग १९५९ पासून पुढची काही वर्षं बाजारातून विकत आणलेली पिल्लं सोडली, त्यातली जेमतेम पाच जगली आणि आजची सगळी त्यांचीच प्रजा. माणसांच्या हातून वाढलेली असल्याने त्यांना माणसाचं भय नव्हतंच, त्यामुळे जेवणाच्या टेबलाचा किस्सा सांगताना हे सांगणं भाग आहे. उपासमार झाल्यावर हाऊलर काही दार उघडून आत आले नाहीत. जे आले त्यांना माणसांची ओळख आधीपासून होती.

एरवीचं टाइमटेबल

उष्ण प्रदेशातलं सदाहरित जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बारा महिने फळं लटकलेली असतात. तसं काही नसतं. बारो कोलोराडोवर फळांचे दोन बहर येतात, एक कोरडा ऋतू संपून पाऊस लागायच्या सुमारास आणि दुसरा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ओढाताणीचे दिवस. कोवळी पालवीसुद्धा वर्षभर सारखी येत नाही, पावसाच्या सुरुवातीला तिचा जोर असतो. म्हणजे माकडाच्या दृष्टीने जंगल एकच असलं तरी मे महिन्यातलं जंगल वेगळं आणि डिसेंबरातलं वेगळं.

ओढाताणीत आधार देणारी झाडं मोजकी. एक म्हणजे अंजीर-उंबराच्या कुळातली. या झाडांचं परागीकरण करणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्यांचं आयुष्य अगदी थोडं, त्यांना वर्षभर कुठेतरी फुलावर आलेलं झाड लागतंच, त्यामुळे एकाच जातीची झाडं एकाच वेळी न फळता कधी हे कधी ते असं करत राहतात. माकडांसाठी ही मोठीच सोय. दुसरं आधाराचं झाड अल्मेंद्रो, जंगलाच्या छतावर डोकं काढणारं उंचच उंच झाड, जांभळट-गुलाबी फुलं येतात आणि फळ पिकतं ते नेमकं डिसेंबरपासून पुढे, बाकी फारसं काही नसतं तेव्हा. फळ म्हणजे टणक कवचाभोवती गोडसर गराचा पातळ थर. उन्हाळ्यात आंब्याच्या राशी असताना असल्या फळाकडे कुणी बघितलंही नसतं, पण त्या दिवसांत माकडं, कोआटी, अगूती, वटवाघळं सगळे तिथेच.

आता याच टाइमटेबलवर तीन माकडं तीन पद्धतीने जगतात.

हाऊलर, म्हणजे पडून राहण्याचं शास्त्र

हाऊलर पाहायला गेलेला माणूस पहिल्या तासाभरात कंटाळतो. दिवसातला जवळजवळ दोन-तृतीयांश वेळ ही माकडं निव्वळ आडवी असतात. माकडांच्या अभ्यासक कॅथरिन मिल्टन यांनी १९७० च्या दशकात बेटावरच्या टोळ्यांमागे राहून मोजमाप केलं, तर टोळी दिवसाला सरासरी चार-साडेचारशे मीटर हलते आणि टोळीचा इलाका साधारण ३० हेक्टरचा. वीसेक माकडांची टोळी म्हटलं तर हे फारच कमी आहे.

कारण पोटात आहे. हाऊलरच्या खाण्यात जवळपास निम्मी पानं, चाळीसेक टक्के फळं आणि उरलेली फुलं. पानात प्रथिनं असतात पण साखर नसते, तंतू मात्र भरपूर, म्हणून त्याच्या मोठ्या आतड्यात जिवाणू हे तंतू आंबवतात आणि त्यातून निघणारी आम्लं हाऊलरला ऊर्जा देतात, रोजच्या गरजेच्या तीस टक्क्यांपर्यंतही. पण आंबवायला वेळ लागतो. खाल्लेलं बाहेर पडायला हाऊलरला साधारण २० तास लागतात. म्हणजे पोट भरलेलं, पण हातात ताकद थोडीच, आणि ती मिळतेय सावकाश. अशा बजेटमध्ये फिरणं परवडत नाही. आळस दिसतो तो आळस नाही, तो हिशेब आहे, आणि मला तर वाटतं फार शहाणा हिशेब आहे.

हिशेब पक्का असल्याने ते हलतात तेव्हाही उगाच हलत नाहीत. मिल्टन यांच्या निरीक्षणात टोळ्या भटकत-भटकत झाडाला धडकत नव्हत्या, ठरवून निघाल्यासारख्या अंजिराच्या झाडांकडे आणि कोवळी पालवी फुटलेल्या झाडांकडे जात होत्या. दिवसभरात एकाच झाडाची पानं खाऊन पोट भरत नाहीत, सात-आठ वेगवेगळ्या वनस्पती तोंडात जातात, कारण प्रत्येक पानात काही ना काही विषारी द्रव्य असतंच आणि एकाचंच जास्त झालं तर बाधतं.

आणि भल्या पहाटेची ती आरोळी, जिच्यावरून त्यांचं नाव पडलंय, तिचाही याच्याशी संबंध लावला जातो. शेजारची टोळी कुठे आहे ते लांबूनच कळलं की समोरासमोर येऊन भांडायचा खर्च वाचतो.

स्पायडर, म्हणजे पायपीट

वजनाला हाऊलरएवढंच, सात-आठ किलोचं. आतडं मात्र घाईचं, खाल्लेलं चार-साडेचार तासांत बाहेर. तंतू आंबवत बसायला वेळच नाही, म्हणून खाण्यात सत्तर टक्क्यांच्या वर फळं, पिकलेली. ऊर्जा पटकन मिळते आणि पटकन संपते. मग पुन्हा फळ शोधा. पिकलेली फळं पानांसारखी पसरलेली नसतात, एक झाड इथे, दुसरं अर्ध्या किलोमीटरवर, तेही चार-आठ दिवसच पिकलेलं. म्हणून स्पायडरच्या पोटापाण्याचा इलाका हाऊलरच्या कित्येक पट मोठा, मिल्टन यांच्या हिशेबाने पंचवीस पट.

त्यांची टोळीसुद्धा टोळीसारखी राहत नाही. सकाळी चार जण या बाजूला, दोघं त्या बाजूला, मोठ्या झाडावर भरपूर फळ असेल तर सगळे जमतात, फळं विखुरली की पुन्हा पांगतात. वीस जण मिळून छोट्या झाडावर गेले तर पहिल्या पाचांचं पोट भरेल, बाकीचे फुकट चालले. म्हणून गर्दीचा आकार झाडावरच्या फळावर ठरतो.

मेंदूचं वजन स्पायडरचं सुमारे १०७ ग्रॅम, हाऊलरचं ५० च्या आसपास. शरीर सारखंच, मेंदू दुप्पट. मिल्टन यांनी यावरून मांडलं की विखुरलेली, वेळापत्रकाने येणारी फळं लक्षात ठेवायची गरज पडली म्हणून फळखाऊ माकडांचा मेंदू मोठा झाला असावा. ऐकायला इतकं पटतं की पाठ्यपुस्तकांत गेलं. याच्याकडे परत येतो, कारण हल्ली त्याला धक्का बसलाय.

कापुचिन, म्हणजे फळं आणि किडे आणि शेजाऱ्यांशी भांडण

कापुचिन लहान, अडीच-तीन-चार किलोचं, हातांनी उचकपाचक करणारं. फळं खातं, पण त्याच्या जोडीला साल उकलून, पानांच्या गुंडाळ्या उलगडून, वाळक्या फांद्या मोडून किडे काढतं, अळ्या काढतं. पानांवर ते जगू शकत नाही, त्यामुळे प्रथिनांसाठी हे किडेच. हे एक वाक्य पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

टोळ्यांचे इलाके एकमेकांवर चढलेले असतात आणि चांगल्या फळझाडावरून भांडणं होतात. मेग क्रोफुट आणि सहकाऱ्यांनी बेटावरच्या सहा शेजारी टोळ्यांतल्या माकडांना रेडिओ कॉलर लावून कोण जिंकतं ते पाहिलं, निकाल २००८ मध्ये आले. आपल्याला वाटेल मोठी टोळी जिंकणार. टोळीत एक माकड जास्त असलं तर जिंकण्याची शक्यता साधारण १० टक्क्यांनी वाढते, हे खरं. पण आपल्या इलाक्याच्या मध्यापासून दर १०० मीटर लांब गेलं की ती ३१ टक्क्यांनी घसरते. म्हणजे पाच-सहा माणसं जास्त असूनही परक्या वॉर्डात जाऊन दादागिरी चालत नाही. यामुळे छोट्या टोळ्याही टिकून राहतात आणि मोठ्या टोळीला कितीही भूक लागली तरी शेजाऱ्याच्या अंगणातलं झाड सहज मिळत नाही. अन्न जंगलात आहे आणि अन्न मिळतंय या दोन गोष्टींमध्ये हे एवढं अंतर असतं.

१९७० मध्ये नक्की काय बिघडलं

वादळ आलं नाही. आग लागली नाही, झाडं तोडली नाहीत, रोग पडला नाही. झालं एवढंच की कोरडा ऋतू कोरडा गेला नाही, त्यात पाऊस पडत राहिला.

आता जास्त पाऊस म्हणजे जास्त हिरवळ, जास्त फळ, असं कुणालाही वाटेल. पण तिथल्या बऱ्याच झाडांना फुलायला आधी ताण लागतो, जमीन नीट वाळली पाहिजे आणि मग पाऊस आला की फुलं. कोकणात हापूसवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस रेंगाळला आणि ताण बसला नाही की कलमं मोहोराऐवजी पालवी काढून मोकळी होतात आणि बाग हिरवीगार दिसत असताना बागायतदार डोक्याला हात लावून बसतो. बारो कोलोराडोवर तेच अख्ख्या जंगलाच्या पातळीवर झालं. अनेक जातींनी फुलायचंच सोडलं, आणि त्याचा परिणाम लगेच दिसला नाही, तो दिसला काही महिन्यांनी, जेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरचा दुसरा बहर यायला हवा होता आणि आला नाही. त्यामागोमाग नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे नेहमीचे ओढाताणीचे दिवस आलेच. प्राण्यांनी ज्या महिन्यांत अंगावर चरबी चढवायची त्याच महिन्यांत उपास, आणि पुढे आणखी उपास.

जंगल तेव्हा हिरवंच होतं. फोटो काढला असता तर कुणाला काही कळलं नसतं.

मग हाऊलर का मेले, त्यांच्याकडे तर पानं होती? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अडला होता. उत्तर असं की पानं हाऊलरला पूर्ण पोसत नाहीत, धकवून नेतात. चाळीस टक्के फळ हे त्याच्या खाण्यात चैनीचं नाही, ऊर्जेचं आहे, आणि फळ गेलं की दिवसाचं बजेट तुटीत जातं. त्यातून पावसाळ्याच्या उत्तरार्धात कोवळी पालवीही कमी, उरतात जून पानं, ज्यात तंतू जास्त आणि प्रथिनं कमी. चांगल्या वर्षीसुद्धा बेटावरचे हाऊलर मरतात ते मुख्यतः याच महिन्यांत, हे मिल्टन यांनी वर्षानुवर्षं कवट्या-सांगाडे गोळा करून दाखवलं. जोडीला एक माशी आहे जिच्या अळ्या हाऊलरच्या मानेत-अंगात कातडीखाली वाढतात. धष्टपुष्ट माकड त्या सहन करतं, अशक्त झालेलं करत नाही. मेल्यावर कारण काय लिहायचं, माशी की भूक?

चालण्याचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. भूक लागली की प्राणी जास्त फिरतील हे आपलं गृहीतक, पण ते प्रत्येकाला लागू नाही. स्पायडरकडे फिरण्याशिवाय दुसरा मार्गच नव्हता आणि फिरत-फिरत ते स्वयंपाकघरापर्यंत आले. हाऊलरसारख्याला जास्त फिरणं म्हणजे नसलेले पैसे खर्च करणं, तो उलट कमी हलून दिवस काढतो, आणि हे एका हद्दीपर्यंतच चालतं. शिवाय हे बेट. मुख्य भूमीवर एखादी टोळी पाच-दहा किलोमीटर सरकून बघेल, पलीकडच्या डोंगरावर वेगळी झाडं, कदाचित वेगळा बहर. इथे चहूबाजूंनी तलाव. सरकायची वाट बंद केल्यावर प्राणी काय-काय करून बघतात ते इथे उघडं पडलं, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासाला इतकं चांगलं आणि प्राण्यांना इतकं वाईट.

पुढे जोसेफ राइट आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या नोंदी जुळवून १९९९ मध्ये दाखवलं की यामागे बऱ्याचदा एल निन्यो असतो, पण सरळ नाही. एल निन्योच्या वर्षी पनामात ऊन जास्त, कोरडं जास्त, झाडं भरभरून फळतात. चैन असते. मग पुढच्या वर्षी कोरडा ऋतू ढगाळ-ओला गेला तर आधीच साठा खर्च करून बसलेली झाडं फळतच नाहीत आणि चांगल्या वर्षात वाढलेली तोंडं उपाशी राहतात. १९९३ मध्ये असंच झालं. आपल्याकडे एल निन्यो म्हटलं की त्याच वर्षीच्या पावसाची काळजी, तिथे दणका पुढच्या वर्षी बसतो.

चाळीस वर्षांनी: तोच पाऊस, वेगळे मेले

२०१० हे बेटावर नोंदी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात ओलं वर्ष. डिसेंबरच्या सुरुवातीला तर असा पाऊस झाला की गातून तलाव काठोकाठ भरला आणि पनामा कालवा काही तास बंद ठेवावा लागला, जी गोष्ट कालव्याच्या इतिहासात जवळजवळ घडतच नाही. त्या वर्षाच्या शेवटी आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बेटावरचे कापुचिन मरायला लागले. सत्तर टक्क्यांहून जास्त गेले. दहातले सात.

हाऊलरना काहीही झालं नाही.

१९७० चा अनुभव बघता कुणी पैज लावली असती तर हाऊलरवर लावली असती. मिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं की यावेळी तुटवडा फळांचा नव्हता, किड्यांचा होता. त्या सततच्या पावसात नोव्हेंबर-डिसेंबरात किडे-अळ्या मिळेनाशा झाल्या आणि कापुचिनच्या प्रथिनांचा एकमेव नळ बंद झाला. फळ खाऊन साखर मिळते, स्नायू नाही. हाऊलर प्रथिनं पानांतून घेतो, त्याचा नळ चालूच. हे स्पष्टीकरण आहे, कोर्टात टिकेल असा पुरावा नाही. पण माकडांच्या खाण्याकडे बघितलं तर मला तरी दुसरं काही इतकं नीट बसताना दिसत नाही.

आता दोन्ही वर्षं शेजारी ठेवा. दोन्ही वेळी पाऊस जास्त. १९७० ला तो चुकीच्या ऋतूत पडून फळांचा बहर घालवून गेला आणि फळांवर ऊर्जा चालवणारे अडकले. २०१० ला तो वर्षाच्या शेवटी धो-धो पडून किडे घेऊन गेला आणि किड्यांवर प्रथिनं चालवणारे अडकले. "अन्नाचा तुटवडा" असं एकच नाव दोन्हीला दिलं तर दोन्ही वेळचं काहीच कळत नाही.

आणि सगळं अन्नावर ढकलून चालत नाही हेही याच बेटावर दिसतं. कार्पेंटर यांच्या काळात हाऊलर चारशेच्या आसपास मोजले होते, वाढत होते, आणि १९५१ च्या गणनेत निघाले २३९. तेव्हा पनामात पिवळ्या तापाची साथ होऊन गेली होती आणि संशय तिच्यावर आहे. पुढे संख्या हजाराच्या वर गेली आणि तिथेच घुटमळत राहिली, ती मात्र मिल्टन यांच्या मते खाण्याच्या ऋतुचक्रामुळे.

मोठा मेंदू आणि सरळ रस्ता

आता तो धक्का. फळं शोधायला डोकं लागतं, म्हणून मोठ्या डोक्याचे प्राणी फळांपर्यंत जास्त हुशारीने पोचत असतील, हे कुणी थेट तपासलंच नव्हतं, कारण जंगलात फळझाडं नेमकी कुठे आहेत हे माकडालाच माहीत आणि माणसाला नाही. बेन हिर्श, क्रोफुट आणि मंडळींनी युक्ती केली. अल्मेंद्रो फुलावर आला की छतावर जांभळे ठिपके दिसतात, तर वरून ड्रोन उडवून फुललेल्या झाडांचा नकाशा करून घेतला. मग ओढाताणीच्या दिवसांत, जेव्हा सगळे अल्मेंद्रोवरच अवलंबून, तेव्हा स्पायडर, कापुचिन, कोआटी आणि किंकाजू (हाही रॅकूनच्याच कुळातला, रात्री फळं खात फिरणारा) अशा चौघांना जीपीएस कॉलर लावल्या. कुठलं झाड कुठे आहे ते माहीत, प्राणी कुठून कुठे गेला ते माहीत, मग रस्ता किती सरळ आणि किती फेऱ्याचा हे काढता येतं.

२०२४ मध्ये निकाल आला. मोठ्या मेंदूची माकडं लहान मेंदूच्या कोआटी-किंकाजूपेक्षा जास्त हुशार रस्ते घेत नव्हती. फरक नाही.

यावर लगेच "फळं आणि मेंदूचा काही संबंधच नाही" असं म्हणणारे निघाले, मला ते घाईचं वाटतं. अल्मेंद्रो म्हणजे प्रचंड, उंच, महिनोन्महिने फळणारं झाड, ते शोधणं तसं सोप्या प्रश्नपत्रिकेतलं आहे. खरी परीक्षा म्हणजे चार दिवस पिकणारं अंजिराचं झाड, किंवा बहरच चुकलेलं १९७० सारखं वर्ष, आणि त्या वेळी दार उघडायला कोण शिकलं ते आपण वर पाहिलंच. पण हेही माझं बोलणं झालं, मोजलेलं नाही. मोजलेलं एवढंच की अन्न सापडण्यासाठी किती चालावं लागतं हे आतडं, झाडांची मांडणी आणि शेजारी यांनी बरंचसं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आपल्याकडे हे कसं वापरायचं

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वानर आणि माकडं बागेत येतात यावर बोलणं निघालं की दोनच उपाय ऐकू येतात, पकडून दुसरीकडे सोडा किंवा जंगलात फळझाडं लावा. दुसरा ऐकायला छान आहे. पण आपल्या दोन जातींचीही पोटं वेगळी. वानराच्या पोटात आंबवण्याचे कप्पे असतात, पानांवर त्याचं हाऊलरपेक्षाही चांगलं चालतं. लाल तोंडाचं माकड गालात पिशव्या घेऊन फिरतं, मिळेल ते फळ, दाणा, किडा भरून घेतं. एकाच झाडाने दोघांचं समाधान होणार नाही.

आणि महिना. जंगलात जांभूळ, करवंद, आंबा, फणस लावले तर ते सगळे एप्रिल ते जूनच्या आसपास पिकतात, म्हणजे ज्या दिवसांत रानात आधीच खायला आहे त्याच दिवसांत आणखी भर. बागायतदाराचं नुकसान पाऊस संपल्यानंतर सुरू होत असेल, कोवळी शहाळी, भाजीपाला, नंतर मोहोर आणि कैरी, तर त्या महिन्यांत रानात काय पिकतं याची यादी आधी हवी. वड, पिंपळ, उंबर, पायर ही मंडळी त्या यादीत वर येतील, ती एकाच वेळी फळत नाहीत म्हणूनच. शोभेला कमी आणि रोपवाटिकेत मागणी कमी, पण कामाची हीच.

पकडून सोडण्याबद्दल क्रोफुट यांचे आकडे पुरेसे बोलके आहेत असं मला वाटतं. नवीन जागी सोडलेली टोळी कायमच कुणाच्या तरी इलाक्याच्या मध्यात असते आणि स्वतःच्या मध्यापासून कित्येक किलोमीटर लांब. रानातली चांगली झाडं तिथल्या टोळ्यांकडे आधीच आहेत. उरते कोणती जागा, तर जिच्यासाठी दुसरी टोळी भांडत नाही ती. गावाची कड.

कुणाला आपल्या गावातल्या टोळीची नोंद ठेवायची असेल तर टोळीत किती डोकी यापेक्षा आधी कुठल्या तारखेला कुठल्या झाडावर होती आणि त्या झाडाचा कुठला भाग खात होती, पान की फळ की बी की सालीखालचं काही, एवढं लिहा. सोबत त्या आठवड्यात आसपासची कुठली रानझाडं फुलावर, कुठली फळावर आणि कुठली नुसतीच हिरवी उभी आहेत तेही. शेवटचा रकाना लोक हमखास सोडून देतात.